वीस

झोंबाच्या इस्पितळात, बायकांच्या वॉर्डात,
मी बारा खाटांपुढे बारा वेळा लिहिलं :
श्वास, वीस.
पहाटेचे चार. वीज गेलेली.
छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ
मोबाइलच्या उजेडात कोण वाचत बसणार?
वीस हा सभ्य आकडा. त्याला कुणी काही विचारत नाही.

नाखुम्वाबाई विचारतात.
तक्ता डोळ्यांपासून हातभर लांब धरून
(चश्मा त्यांनी नेहमीच कुणाला तरी वापरायला दिलेला असतो)
म्हणाल्या, "तादाला,
हा वॉर्ड आहे की चर्चमधला गायकवृंद?
सगळ्या एका तालात श्वास घेतायत."
मागे चिमवेमवे फिस्सकन हसली.
बाई हसल्या नाहीत. चालायला लागल्या.

त्यांच्या बुटांचा आवाज येत नाही.
पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हा प्रत्येकीला
रिकाम्या खाटेवर दोन तास निजवलं होतं.
उशी नाही, बोलणं नाही, पाणी मागायचं नाही.
नुसतं ऐकायचं,
येणारीच्या टाचा काय म्हणतात ते.
मला त्या दिवशी कळलं, मी धावत येते
तेव्हा माणसाला वाटत असेल, काहीतरी बिनसलं.

खाट बारा. चिल्वा तळ्याकडची म्हातारी,
अंगावरच्या चितेंजेला अजून सुक्या मासळीचा वास.
"मनगट धर," बाई कुजबुजल्या, "आणि बघ छातीकडे.
श्वास मोजतायत हे कळलं
की माणूस श्वास आवरून घेतो,
दारात पाहुणे दिसल्यावर घर आवरावं तसा.
म्हणून नाडीचं सोंग करायचं.
एवढं एकच खोटं मी तुला देते.
दुसरं नाही."

एक मिनिट.
मिनिट एवढं मोठं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
बाहेर नातेवाइकांच्या पडवीत कुणी चूल फुंकली,
कुणी खोकलं, पातेल्यावर झाकण पडलं,
आणि अजून अर्धं मिनिट शिल्लक होतं.
म्हातारीच्या गळ्याची खळगी
दर श्वासाला आत, आत.
छत्तीस.
मी मान वर केली तोवर
बाई ऑक्सिजनचं नळकांडं ढकलत येत होत्या.
"पेपानी, आगोगो," त्या म्हणाल्या, नळी लावायच्या आधी.
नंतरची माफी त्या मोजत नाहीत.

मग पायरीवर, कपात चहा निवत असताना,
माझ्याकडे न बघता :
"कागदावर एक होतं. एक, टिंब, शून्य.
टिंब घडीत गेलं होतं. तेव्हाही वीज नव्हती.
मी दहा दिलं.
मुलाचं नाव मायेसो. तीन वर्षांचा."
आमच्या भाषेत मायेसो म्हणजे परीक्षा.
बाईंनी ते सांगितलं नाही. मला येतंच की.
"टिंबानंतरचं शून्य कधी लिहू नकोस," म्हणाल्या,
आणि गार चहा एका घोटात संपवला.

मी तक्ता काढला, खिशातलं खोडरबर काढलं.
त्यांनी रबर काढून घेतलं.
"एक रेघ. एकच.
खालचं वीस वाचता आलं पाहिजे.
शेजारी छत्तीस, वेळ, आणि तुझं नाव.
पूर्ण नाव."
मी रेघ ओढली. हात थोडा हलला, रेघही.

"आणि बाकीच्या अकरा?"

उजाडत होतं. पठारावरचं धुकं
अजून खिडकीला टेकून होतं.
मी खाट एकपासून सुरुवात केली.
ती जागीच होती, कूस बदलत म्हणाली,
"पुन्हा? आत्ताच तर लिहून गेलीस."
"नाडी बघते," मी म्हटलं,
मनगट धरलं,
आणि चादरीकडे बघत राहिले.