ग्रेनाडीन

व्यापाऱ्यानं नागपूरहून फोनवर शब्द सांगितला
आणि वडिलांनी तो मागाच्या खांबावर
खडूनं लिहून ठेवला : ग्रेनाडीन.
"टायचं कापड हाये म्हणते. रेशमाचं. नऊ मीटर."
आंधळगावात टाय बांधणारा एकच,
कॉन्व्हेंटच्या बसमधला हेडाऊंचा पोरगा.
त्याच्या टायला इलॅस्टिक.

रोशन वर्धा रोडच्या बारमध्ये ग्लास पुसतो.
म्हणाला, ते तर बाटलीत असते मोठेबाबा,
लालभडक, वरून ओतलं का तळाशी जाऊन बसते.
अनारचं सरबत समजा.
पण आमच्यावाल्यात अनार नाही,
रंगच हाये नुसता.

देवाजीकाका दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून निवृत्त झाला.
त्यांनी त्याला एक घड्याळ दिलं,
दोन बोटं आधीच ठेवून घेतली होती.
तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"ग्रेनेडची बायको असन."
आम्ही हसलो. तो नाही.

रात्री मी मोबाइलवर शोधलं
तर काका चुकला नव्हता फारसा.
फ्रेंच लोक डाळिंबाला ग्रेनाद म्हणतात.
त्याचाच पाक, आणि त्याच्यावरूनच तो गोळा,
पोटात दाणे भरलेला.
कापडाचं मात्र त्यांचंही जमत नाही :
कोणी म्हणतं स्पेनमधलं एक शहर,
कोणी म्हणतं पोतच दाणेदार.
समुद्रात त्या नावाची बेटंही आहेत, ओळीनं सांडलेली.
आम्ही दिवाळीत अंगणात अनार लावतो,
तेव्हा कुठं विचारलं होतं काही.

वडिलांना पोत तेवढा पटला.
नमुन्याची चिंधी बल्बसमोर धरून बसले.
ताण्याचे दोन धागे नुसते शेजारून जात नाहीत,
एकमेकांना पीळ घालतात, बाण्याला आवळतात,
आणि मधलं भोक जागचं हलू देत नाहीत.
"भोक विणाचं हाये बाप्पा," म्हणाले,
"आजवर त्याचेच पैसे कापले आमचे."

सकाळी काकानं परसातलं डाळिंब तोडलं,
तीन बोटांनी असं उकललं
की एक दाणा फुटला नाही.
वडिलांनी एक उचलला, चिंधीशेजारी धरला,
उजेडात फिरवला.
आई म्हणाली, रंग कोणता सांगतला ते तं इचारा.

फोन लागला.
काळा, म्हणाला व्यापारी.
वडिलांनी दाणा तोंडात टाकला.