इतिवृत्त

सोमवार, संध्याकाळी सात. ब्रश क्रीक शाळेचं ग्रंथालय.
पाचही सदस्य हजर. मी इतिवृत्त लिहिते, एकोणीस वर्षं झाली.
खुर्च्या दुसरीच्या मुलांच्या मापाच्या,
मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसतात
आणि बोलताना थोडी कमी मोठी वाटतात.

खजिनदार ऑस्टरहाउस यांनी आकडे वाचले.
काचेचा कारखाना गेला, त्याच्यामागे
मालमत्ता कराचा तिसरा हिस्सा गेला.
राज्य पैसे देतं ते डोकी मोजून,
आणि डोकी यंदा सहाशे बारा.
आडातच नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर होतं;
तोंडाने ते म्हणाले, तूट चार लाख अकरा हजार डॉलर.
मी तेवढंच लिहिलं.

मग निकाल. पाचपैकी दोन तारे.
तिसरीतल्या शंभरातल्या अडतीस मुलांना वाचता येतं,
असं राज्याचं म्हणणं.
थेडा लिंडक्विस्ट मागून उठल्या. तिसरीच्या बाई.
'उरलेल्या बासष्टांत एक एमॉस आहे.
सप्टेंबरात त्याला स्वतःच्या नावातला ए उलटा दिसायचा.
काल त्याने मला दुधाच्या खोक्यावरची तारीख वाचून दाखवली.
म्हणाला, बाई, हे दूध परवाच संपलंय.'
कुणीतरी हसलं. अंडी उकडायचं घड्याळ वाजलं.
प्रत्येकाला तीन मिनिटं, तसा नियमच आहे.
मी लिहिलं: शिक्षिकेने निकालाविषयी मत मांडलं.

यानंतर हॉलिस क्रॅबट्री.
ज्याच्या अंगणात 'नको' अशी पाटी दोन वर्षं उभी आहे,
बर्फ पडला की तो आधी ती झाडतो, मग पायऱ्या.
नोव्हेंबरात कर सत्तावीस मतांनी पडला.
तो म्हणाला, 'त्यातलं एक माझं. मे महिन्यातही तेच असेल.
घर माझं आहे, पण घर काही पगार देत नाही.'
मग त्याने कागद चाळला, चष्मा वर सरकवला:
'इथे बॉयलरला नव्वद हजार लिहिलेत. पाहिलाय कुणी?'

कुणी पाहिला नव्हता.

ठराव: ब्रश क्रीक शाळा जूनअखेर बंद करावी,
मुलांना बसने गावात न्यावं, चाळीस मिनिटं.
बाजूने तीन, विरुद्ध दोन.
अध्यक्षबाईंनी हात वर केला तेव्हा
त्यांच्या बाहीला खडू लागलेला होता,
त्या याच शाळेत शिकल्या. हे मी लिहिलं नाही.
सभा नऊ वाजून वीस मिनिटांनी संपली.

यापुढचं कुठेच लिहिलेलं नाही.
क्रॅबट्री तळघराच्या दाराशी थांबला होता.
तीन सदस्य एकत्र आले की कायद्याने ती सभा ठरते,
लोकांना आधी कळवावं लागतं,
म्हणून दोघेच खाली उतरले, आणि टॉर्च धरायला मी.
बाकीचे तिघं जिन्यावर, पाय अधांतरी,
सभा होऊ नये म्हणून एकमेकांपासून दूर दूर.

तो कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होता.
बॉयलरला त्याने हात लावला, घोड्याच्या मानेला लावावा तसा.
'नव्वद हजार?' म्हणाला. 'ह्याचा एक वायसर गेलाय,
आणि हा व्हॉल्व्ह कुणीतरी रागाने आवळलाय.
जूनपर्यंत चालेल.'
कुणीतरी विचारलं, जूननंतर?
तो पान्याचा आकार बोटांनी मोजत राहिला.

गुरुवारी तो आला. पैसे घेतले नाहीत, कॉफीही नाही.
अंगणातली पाटी तशीच होती,
मी मुद्दाम गाडी हळू करून पाहिली.

शुक्रवारी सकाळी ग्रंथालयात पाइप ठोठावू लागले,
आधी एक, मग भिंतभर.
एमॉसने मला विचारलं, आत कोण आहे?
मी म्हटलं, वाफ.
त्याने वहीत लिहून घेतलं.
वा बरोबर होता.