टॉवेलाखालचा भाव

सांगलीच्या मार्केट यार्डात, मगदुमांच्या अडत दुकानात
हळदीच्या पोत्यांवर ती झोपते.
अंग पांढरं, पण पंजे बारा महिने पिवळे,
जशी कुणाच्या लग्नातून आत्ताच उठून आली.
नाव राजापुरी. मालावरून ठेवलेलं.

ती ओरडत नाही.
तोंड उघडते, गुलाबी टाळू दिसतो, मिशा थरथरतात,
आता येईल आवाज म्हणेपर्यंत
तोंड मिटलेलं.
आधी वाटलं, माझेच कान गेले.
चाळीस वर्षं काट्याशेजारी हमालांच्या हाळ्या ऐकल्यात,
जातीलही.
पण बिरू म्हणाला, मापाडी, तुमचे कान शाबूत हैत,
मांजरच मुकं हाय.

मग ज्याला त्याला कारण सुचलं.
चहावाली शेवंता म्हणाली, हळद बसली घशात.
सुकुमारशेठ म्हणाले, खाऊनपिऊन सुखी, मागायचं काय तिनं?
मिरजेचा जनावरांचा डॉक्टर शेठच्या म्हशीसाठी आलेला,
त्यानं जबडा उघडून बॅटरी मारली.
बिघाड काही नाही.
हात धुता धुता सहज बोलून गेला,
मांजरं आपसांत म्याव करत नाहीत हो, काका.
पिल्लू आईला करतं, तेवढंच.
पुढं ते राखून ठेवलेलं माणसांसाठी.
आणि एखादीचा आवाज इतका बारीक असतो
की आपल्या कानाच्या चाळणीत तो राहतच नाही.

त्या दिवसापासून मला वेगळीच रुखरुख.
म्हणजे ती बोलत असेल,
आणि मी समोर बसून बिडी विझवत असेन.

तिची आई आठवते.
तीन नंबरच्या गोदामात बारदानाच्या थप्पीमागं व्यालेली.
बाहेर यार्डातली कुत्री.
जी पिल्लं रडली, ती गेली.
एक नुसतंच तोंड उघडून बसलं होतं.

खरं तर मला नवल वाटायचं कारण नाही.
सौदे पुकारून व्हायच्या आधीचा बाजार मी बघितलाय.
माझा बाप याच पेढीवर दलाल,
खरेदीदाराचा हात टॉवेलाखाली धरायचा.
चार बोटं, मग एक पेर, मग तळव्यावर नुसता दाब.
वर गप्पा उसाच्या, कृष्णेच्या पाण्याच्या, पोरीच्या स्थळाच्या,
खाली लाखाची उलाढाल, एक अक्षर न बोलता.
घरीही तसाच.
आईला त्यानं हाक मारलेली मला आठवत नाही.
खाकरायचा. ती ताट वाढायची.
मायेनं की धाकानं, मी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात ती हरवली.
टेंपोतल्या रिकाम्या पोत्यांत झोपली असणार,
टेंपो गेला हरिपूरला.
तिथली जुनी पेवं बुजत आलीत,
शेठचं एक उघडं आहे अजून, फळी टाकून.
दोन दिवस. फळी सरकलेली.
जी ओ देणार नाही तिला हाक मारून काय उपयोग?
तरी मारली.
पेवाच्या तोंडाशी पालथा पडून, राजापुरी, ए राजापुरी,
जन्मात एवढा आवाज मी काढला नव्हता.
पोरं हसली. माझाच आवाज खालनं फिरून वर आला,
बापाच्या खाकरण्यासारखा.

बिरूनं दोरीला कंदील बांधून सोडला.
वीस फुटांखाली दोन हिरवे ठिपके
आणि खाली उघडलेलं तोंड.
मिटलं. परत उघडलं.
कधीपासून ओरडत होती कोण जाणे.

आता मांडीवर आहे.
अंगाला पेवातल्या मातीचा ओला वास,
पंजे आणखीच पिवळे.
काटा बंद झालाय, हमाल गेलेत.
मी खांद्यावरचा टॉवेल काढून तिच्यावर टाकला
आणि खालून हात सरकवला.
तिनं नखं आत घेतली.
एकदा दाबलं.
थांबून, परत एकदा.

शेठ चष्म्यावरून बघतात, काय मापाडी, कितीला ठरलं?

मी वर उसाचं काहीतरी बोललो.
टॉवेलाखालचा भाव
बाहेर सांगत नसतात.