शंभराला दीड

शिरोली एमआयडीसीत, पॅटर्न शॉपला
रात्रीचं कोणी नसतं. म्हणून मी तिसरी पाळी मागून घेतो.
खिडकीपाशी रेंज येते.
चार वीसला माझी लेक तैवानात
पहिल्या टीवर उभी राहते. तिथं सातला दहा कमी.
मोबाईलवर नुसतं आर. आडनाईक, भारत.
रेवती नाही, गल्लीतली रेवाक्का तर नाहीच.
नावापुढं एक आकडा,
तो कधी बदलेल ते बघत बसायचं.

लाकडाचा साचा करताना आम्ही आटणं धरतो.
बिडाला शंभराला एक, पितळेला दीड.
ओतलेलं गार होताना आत ओढून घेतं स्वतःला,
म्हणून साचा आधीच थोडा मोठा.
सव्वीस वर्षं हेच: जे व्हायचंय त्याहून
जरा जास्तीचं कोरायचं आणि गप्प बसायचं.

तिचा पटर मीच ओतला.
ती अकराची होती. बंबाचा नळ, घंगाळाचे कान,
इंगवल्यांच्या कारखान्यातले रिजेक्ट व्हॉल्व्ह.
टेंबलाईपलीकडच्या माळावर सहा होलचं मैदान,
तिथं मेजरसाहेबांच्या बाईंचा जुना पटर बघून
साग कोरला, दीड धरला.
गल्लीत विचारायचे, "अप्पा, गोल्फ म्हंजे
ते घोड्यावरनं खेळत्यात, ते का?"
मी म्हणायचो, "व्हय. पण घोडं परवडंना."

आता तो पटर सहा देश फिरून आलाय.
दर ठिकाणी कुणीतरी पट्टी लावून मोजतो,
नियमात बसतो का बघतो. बसतो.
घाम मला इथं येतो.

विमान, हॉटेल, भाड्याची कॅडी.
दोन दिवस खेळायचं. पहिल्या साठांत आली
तर पुढचे दोन दिवस, आणि पैसे.
एकसष्टावीला चहाचेही मिळत नाहीत.

आज ती तीन जास्त घेऊन संपली.
शेवटच्या होलला चेंडू कडेवरून फिरून बाहेर थांबला
असं मी धरतो. मोबाईलवर चेंडू दिसत नाही,
चाराच्या जागी पाच उमटतो, एवढंच.

दुपारच्या पोरी अजून खेळायच्या होत्या.
कटाची रेघ कधी दोनवर, कधी तीनवर.
मी झोपलो नाही. मिसळ मागवली,
तर्रीवर साय धरली, पाव तसाच.

अडीचला एकच राहिली. थायलंडची.
नाव इतकं लांब की पडद्यात मावेना.
हिनं शेवटच्या होलला एक जास्त घेतला
की रेघ सरकते, माझी लेक आत.
मी हात जोडले नाहीत.
तोंड जोतिबाच्या दिशेला होतं, एवढं खरं.
आणि पोटात: चुकू दे.
चुकू दे गं बाई, एक वीत, एक बोट.
कुणाची लेक, काय माहीत. तिच्याही मागं
कुणी मासे सुकवणारा, कुणी भट्टीवरचा,
असाच खिडकी धरून बसला असेल.
असू दे. चुकू दे.

चार उमटला.
मी मोबाईल पालथा ठेवला.
हाताला सागाच्या भुशाचा वास येत होता,
धुऊनही.

तासाभरानं रेवाचा फोन.
"अप्पा, त्या पोरीचा पट बघायला पायजे हुता.
वीस फूट, उताराचा, गवत सगळं समुद्राकडं झुकलेलं.
मी तिथंच थांबलो हुतो. टाळ्या वाजीवल्या."
मी म्हटलं, "जेवलीस का?"

ओतलेलं नंतर वाढतं
असं आमच्या धंद्यात कुणी ऐकलेलं नाही.

मग पुढचं बोललो. व्हिएतनामचं तिकीट,
मंगळवारचं, मधे एक रात्र विमानतळावरच.
पटर खाऱ्या हवेनं काळा पडलाय म्हणाली.
"चिंच मिळत्या का तिकडं?"
"हाय की. त्या पोरीच्या पिशवीतच असत्या,
साखर लावलेली."
"मग साखर धुऊन घे."