रोज किती घेतात?

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी पेन उघडं धरून विचारलं होतं:
वय? अठ्ठ्याहत्तर.
साखर? आहे, गोळी चालू.
अलीकडे विसरतात का?
थोडंसं, मी म्हणाले. वयामुळं.
गेल्या महिन्यात भल्या पहाटे ड्यूटीला म्हणून निघालेले बाबा
रायबंदरच्या धक्क्यावर सापडले,
दोन पायांत दोन वेगळ्या चपला,
हे काही मी बोलले नाही.
रोज किती घेतात?
शेजारी दादा, वहिनी, आणि वहिनीचे वडील,
देवळाच्या कमिटीवरचे, शहाळी घेऊन आलेले.
सणासुदीला, मी म्हणाले. शिगम्याला वगैरे.
पेन मिटलं.

खुबा छान बसला. एक्स-रेत नवी सळई
धक्क्यावरच्या खुंटासारखी ताठ.
पहिल्या रात्री बाबा झोपलेच नाहीत, दुसऱ्या रात्री
छतावरच्या पंख्याशी पगाराबद्दल भांडले.
तिसऱ्या रात्री
सलाईनची नळी ओढून काढली आणि ओरडले,
"रांप वयर काड!"

बांबोळीचा अख्खा वॉर्ड मांडवीत तरंगू लागला.
पलीकडच्या खाटेवर बोर्जिस मास्तर, दोन्ही पाय प्लास्टरात.
त्यांना हुकूम सुटला: मोटारसायकली फुडें घेयात, गाड्यो फाटल्यान!
मास्तर घाबरून म्हणाले, घेतों, पात्रांव, घेतों.
मी हात धरायला गेले तर माझ्याकडे बघून,
परक्या बाईशी बोलावं तशा अदबीनं:
बाय, चलत येतल्यांक तिकीट ना.

एकतीस वर्षं फेरीबोट चालवली या माणसानं.
मनगटं खाटेच्या दांडीला बांधली तेव्हा
बँडेजचं दुसरं टोक मीच धरलं होतं.

सिस्टर आनास्तासिया बुटकी, थकलेली, चप्पल फटफटवत आली.
चष्मा कुठाय यांचा?
घरी. फ्रिजवर.
कानातलं मशीन?
माझ्या पर्समध्ये, रुमालाच्या गाठीत.
हरवलं तर, म्हणून.
बावीस हजारांचं आहे ते, सिस्टर.
पाणी किती प्यायले? मी आठवू लागले.
लघवीचं भांडं कुणाकडे मागायला नको म्हणून
ते घोटभरसुद्धा घेत नव्हते, नळी घातल्यावरही;
कुणी सांगितलंच नाही त्यांना की नळी आहे,
किंवा सांगितलं असेल, बिनमशीनच्या कानाला.
खिडकी नाही. ट्यूबलाइट रात्रभर. दोनला बीपी, चारला सुई.
झोपेची गोळी दादानं मागून घेतलेली.

सिस्टर बोटं मोडत मोजत राहिली,
आणि मला बाबांचं बोलणं आठवलं, पूर्वीचं, शुद्धीतलं:
एकट्या ट्रकानं कधी बोट कलत नाही गो,
ट्रक चढतो, मग रिक्षा, मग पावाची सायकल,
मग कुणीतरी म्हणतं, एकच स्कूटर, घ्या ना.

अंग तापलेलं नव्हतं. हात मात्र थरथरत होते,
घामानं उशी ओली.
तिनं हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
आवाज खाली आणून तोच प्रश्न.
रात्रीचे तीन. कमिटीवरचं कुणी नव्हतं.
काजूची, मी म्हणाले. दोन गिलास. कधी तीन.
रोज. आई होती तेव्हापासून. आई कपानं मोजून द्यायची,
आई गेल्यावर कुणी मोजलं नाही.
तिनं मान वर केली नाही. लिहिलं, आणि फोनाकडे धावली.
एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

औषध बदललं. दिवा अर्धा केला.
रुमालाची गाठ सोडून मशीन कानात सरकवलं,
ते शिट्टी मारू लागलं,
आणि बाबा डोळे मिटूनच पुटपुटले,
हॉर्न कित्याक मारता? पावलों मरे.

पावायला आणखी दोन दिवस लागले.
पाचव्या सकाळी नाकावर चष्मा, समोर पेज,
माझं नाव घेऊन मीठ मागितलं.
मग मनगटं उलटीपालटी करून पाहत राहिले,
लाल वळांकडे.
हें कितें?
दोर घासला, मी म्हणाले.
त्यांनी विचार केला. मान डोलावली.
नवो दोर घासताच, म्हणाले,
आणि पेज भुरकू लागले.