एकूण पाचपैकी

गाड्या थांबल्या तेव्हा, खोटं कशाला बोलू,
मला आनंद झाला.
तीस वर्षं भुसावळच्या रेल्वे क्वार्टरवर
गच्चीत तांब्याची तार ताणून बसलोय,
आणि तीस वर्षं इंजिनांची गुरगुर
प्रत्येक परक्या स्टेशनच्या गळ्यात अडकलेली.
आता एखादी मालगाडी गेली की पुढे तासभर
एकतीस मीटर बँड
घासलेल्या पितळी डब्यासारखा लख्ख.

वही आहे. तारीख, वेळ, मग पाच आकडे :
आवाज किती, अडथळा किती, खरखर किती,
बुडणं किती, एकूण किती.
प्रत्येकाला पाचपैकी गुण.
शेजारचे झोपे विचारायचे,
"भाऊ, काय ऐकू येते तुले त्याच्यात?
भाषा तं समजत नही."
नाही समजत. म्हणून तर.

खाली टीव्हीवर सगळंच समजायचं.
जळगाव इतके. धुळे इतके. आपल्या गल्लीत दोन.
रात्री दोनला छातीवर कुणी पाटा-वरवंटा मांडायचं,
मग मी गच्चीवर.
शेहेचाळीस डिग्रीची फरशी
तेव्हाही तळपाय भाजायची,
लांब दीपनगरच्या चिमणीवर लाल दिवा,
आणि कानात कुठल्याशा बंदरातली बाई
बहुधा हवामान सांगत.
तिच्या आवाजात कुणी मरत नव्हतं.
श्वास जागेवर यायचा.
याला छंद म्हणा, नाहीतर पळणं म्हणा.

पळणंच म्हणा.
कोकिळाचा भाऊ सिव्हिलमध्ये गेला त्या पहाटे
माझा फोन खाली वाजत होता.
सातव्यांदा तिनं उचलला.
मी वर, कानाला हेडफोन,
लिहीत होतो : ४ ५ ४ ३ ४.

मग वही मिटली. रेडिओवर टॉवेल.
भावाला शेवटचं बघणं नाही, खांदा नाही,
फक्त एक फोटो, त्यातही प्लास्टिक.
कोकिळा भरताची वांगी विस्तवावर ठेवायची
आणि राख होईतो बघत राहायची.
आम्ही दोघं एका खोलीत.
आवाज : एक.

एकवीस रात्री गेल्या. बाविसाव्या रात्री जाग आली,
अंथरुणात ती नाही.
वर गेलो. टॉवेल नीट घडी करून बाजूला,
रेडिओ मांडीवर,
बटण नुसतं फिरवतेय, कुठेच न थांबता.
म्हटलं, हळू. केसाएवढं.
तिनं केसाएवढं फिरवलं.
खरखर. खरखरीच्या तळाशी एक बाई.
यार्डातून मालगाडी निघाली, बाई पुसली गेली,
अठ्ठावन्न डबे.
कोकिळानं बटण सोडलं नाही.

सकाळी वही उघडी होती.
आकड्यांचे रकाने कोरे,
शेऱ्याच्या जागी तिचं तिरकं अक्षर :
"भाषा कळली नाही. गात होती.
मधेच खोकली. मी घाबरले.
मग हसली."