शेवटची चाळीस पानं

पुस्तक मिळालं उद्यमबागेतल्या भंगारात,
दहा रुपयांत. गोष्ट अमेरिकेतली,
कुणीतरी मराठीत आणलेली.
कारखाना बंद पडल्यावर
त्यातला माणूस बायकोपोरीसकट गाडीत झोपतो.
सकाळी पेट्रोलपंपावरच्या संडासात दाढी करतो
आणि कामाला निघाल्यासारखा निघतो.

रात्रपाळीला भट्टी तापेपर्यंत
मी इराप्पाला वाचून दाखवायचो,
म्हणजे कन्नडात सांगायचो,
अडलं की हातवाऱ्यांनी.
“गाडी हाय आणि गरीब कसा बे?”
इराप्पा हसला. त्याची सायकल
मच्छेपासून त्यालाच ढकलावी लागते.
मग ते आलं:
थंडीत गाडीची काच आतून घामेजते,
पोरगी तिच्यावर बोटानं घर काढते.
हसायचा थांबला.
“मुंद?” म्हणाला.
पुढं?

पुढं काही नाही.
शेवटची चाळीस पानं भरमाण्णानं फाडलेली,
ग्रीसचे हात पुसायला.
त्याला तरी काय बोलायचं,
चिंध्या मालक देत नाही.

तेव्हापासून चहाच्या सुट्टीत
शेवट आम्हीच लावतो.
कल्लव्वा मिरच्या तळता तळता सांगते,
बाई पोरीला घेऊन माहेरी गेली असणार.
भरमाण्णा म्हणतो, लागतंय की कुठंतरी काम,
एवढा मोठा देश.
कोअर करणारा सुभान त्याला युनियनमध्ये घालतो
आणि दर वेळी मार खायला लावतो.
इराप्पा बशीत चहा ओततो. बोलत नाही.

काल साचा मिटवायच्या आधी
डाव्या हाताच्या उरलेल्या बोटानं
त्यानं वाळूत रेघा ओढल्या.
भिंती, उतरतं छप्पर—
तेवढ्यात क्रेनची घंटा झाली.
लॅडल वाकली, लोखंड आत गेलं.

पहाटे वाळू झाडली तर
पंपाच्या बॉडीवर घर
उठून आलेलं.

ग्राइंडर माझ्या हातात.
अंगावर काही उरलं तर माल परत येतो,
दोघांची हजेरी कापतात.
मी कडा घासल्या, तोंड घासलं,
पाठ घासली,
तेवढी जागा सोडून चाक बंद केलं.
पेटीत तोंड वर, घर खाली.
पेटीवर काळ्या रंगात ओहायो.

“सापडलं तर?” मी विचारलं.
इराप्पा हात झटकत म्हणाला,
“सापडू दे की.
दार तेवढं राहिलं बघ.”